गार भिंतींचा हिशोब

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका शिक्षक शिबिरात ‘उष्णतेचे वहन’ या विषयावर बोलायला गेले होते. माती उष्णतेची दुर्वाहक आहे, म्हणून वाळवंटातली मातीची घरे दिवसा थंड राहतात, असे एक वाक्य मी बोलता बोलता म्हटले. हे वाक्य मी शाळेत ऐकले होते, परीक्षेत लिहिले होते आणि पुढे पदार्थविज्ञानात डॉक्टरेट मिळवूनही कधी तपासून पाहिले नव्हते. चहाच्या सुट्टीत मराठवाड्यातल्या एका शिक्षिका जवळ आल्या. म्हणाल्या, “मॅडम, आमचं घर माळवदाचं आहे. दुपारी बाराला आत इतकं गार की डोळा लागतो. पण रात्री नऊनंतर आत बसवत नाही, आम्ही सगळे अंगणात बाजा टाकतो. माती दुर्वाहक आहे, तर मग रात्री ही उष्णता येते कुठून?”

मी काहीतरी उत्तर दिले. ते चूक होते हे परतीच्या एस.टी.त लक्षात आले, आणि ओशाळल्यासारखे झाले. कारण ज्या वाळवंटातल्या घरांविषयी मी ते वाक्य टाकले होते, तशाच एका घरात मी दोन वर्षे राहिले आहे. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात टूसॉन या गावी पदव्युत्तर संशोधनासाठी असताना कच्च्या विटांच्या एका जुन्या घराचा अर्धा भाग मी भाड्याने घेतला होता. बाईंचा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता.

घरी आल्यावर कपाटातले हसन फतही यांचे पुस्तक काढले. ‘नॅचरल एनर्जी अँड व्हर्नाक्युलर आर्किटेक्चर’ हे त्याचे नाव. संयुक्त राष्ट्र विद्यापीठासाठी ते १९८६ साली शिकागो विद्यापीठाने प्रसिद्ध केले. उष्ण, कोरड्या प्रदेशातल्या घरांवर कोणी बोलू लागले की या पुस्तकाचा दाखला येतोच. शिबिरांच्या वाचनयाद्यांतही ते असते. तेव्हा त्याच्याकडे जरा बारकाईने पाहायला हरकत नाही.

फतही (१९००–१९८९) हे इजिप्तचे वास्तुशिल्पी. लक्झरजवळ न्यू गुर्ना हे गाव त्यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात मातीच्या विटांनी बांधायला घेतले, आणि त्या प्रयोगाची हकिगत सांगणारे त्यांचे ‘आर्किटेक्चर फॉर द पूअर’ हे पुस्तक १९७३ मध्ये जगभर गेले. पोलाद आणि सिमेंट हेच आधुनिकतेचे लक्षण मानले जात होते, त्या काळात या माणसाने कच्ची वीट, घुमट, अंगण आणि वारा पकडणारे झरोके यांची बाजू घेतली. १९८६चे पुस्तक त्यांच्या आयुष्याच्या शेवटी आलेले आहे. त्यात ते आपली बाजू पदार्थविज्ञानाच्या भाषेत मांडतात. वहन, अभिसरण, प्रारण, बाष्पीभवन ही चार प्रकरणे आपण नववी-दहावीला रुक्षपणे उरकतो. इथे ती एका घरात एकत्र नांदताना दिसतात. अंगणात रात्री साठणारी गार हवा, लाकडी जाळीतून वाऱ्याबरोबर मिळणारी सावली, वारा खाली आणणारा ‘मल्कफ’ नावाचा झरोका, यांच्या आकृत्या फळ्यावर काढाव्यात इतक्या स्वच्छ आहेत. शिक्षकाने हे पुस्तक वाचावेच. पण तपासत वाचावे.

पुस्तकातला सर्वांत जास्त उद्धृत होणारा भाग म्हणजे कैरोच्या इमारत संशोधन केंद्राच्या आवारात १९६४ साली केलेल्या प्रयोगाचा. तिथे वेगवेगळ्या साहित्याच्या नमुना-खोल्या बांधल्या होत्या. त्यांपैकी दोन फतही समोरासमोर ठेवतात. एक खोली मातीच्या विटांची, ५० सेंटिमीटर जाडीची. दुसरी कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या पट्ट्यांची, १० सेंटिमीटर जाडीची. चोवीस तासांत मातीच्या खोलीतले तापमान २१ ते २३ अंश सेल्सियस यांच्या दरम्यान राहिले, दोन अंशांपलीकडे हलले नाही. काँक्रीटच्या खोलीत ते ३६ अंशांपर्यंत चढले, म्हणजे मातीच्या खोलीपेक्षा १३ आणि बाहेरच्या हवेपेक्षा ९ अंश अधिक. कारणही पुस्तक देते: मातीची उष्णतावाहकता काँक्रीटपेक्षा कमी, भिंत पाचपट जाड, म्हणून तिचा उष्णतारोध तेरा पटींहून अधिक.

आकडे खरे आहेत. पण त्यांना जोडलेले कारण अपुरे आहे, आणि वर्गातल्या आपल्या वाक्याचे मूळ या अपुरेपणातच आहे.

तेरापट उष्णतारोध ऐकायला मोठा वाटतो, कारण तुलना काँक्रीटच्या पातळ पट्टीशी आहे. खऱ्या उष्णतारोधकाशी तुलना केली तर चित्र बदलते. मातीच्या विटेची उष्णतावाहकता दर मीटर-अंशाला साधारण ०.४ ते ०.६ वॅट. थर्मोकोलची ०.०३५ च्या आसपास. हिशोब करून पाहा: अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या भिंतीला जेवढा उष्णतारोध आहे, तेवढाच तीन ते साडेचार सेंटिमीटर थर्मोकोलला आहे. मग दुसऱ्या खोलीच्या भिंती आणि छप्पर काँक्रीटऐवजी एवढ्याच थर्मोकोलचे केले असते, तर आतले तापमान दोन अंशांत स्थिर राहिले असते का? मुळीच नाही. भाजीबाजारात मासे ठेवायचे थर्मोकोलचे रिकामे खोके उन्हात ठेवून पाहावे. बर्फ नसेल तर त्यातली हवा थोड्या उशिराने का होईना, बाहेरच्या हवेमागे निमूटपणे तापते आणि थंड होते.

दोन्हींचा उष्णतारोध सारखा असून हा फरक कशाने? वजनाने. अर्धा मीटर जाडीच्या मातीच्या भिंतीचा एक चौरस मीटर तुकडा घेतला तर त्याचे वजन सुमारे ८५० किलो भरते. तेवढ्याच थर्मोकोलचे एक किलोही भरत नाही. मातीचा तो तुकडा एका अंशाने तापवायला साडेसातशे किलोज्यूलच्या वर उष्णता लागते. मातीची भिंत उष्णतेला दारातच हाकलून देत नाही. ती तिला आत घेते, पोटात ठेवते आणि सावकाश परत करते. हे उधारीचे काम आहे. दिवसा घेतलेली उष्णता रात्री फेडायची. फेड बाहेरच्या अंगाने झाली तर घरचे सुखी; आतल्या अंगाने झाली तर बाजा अंगणात.

ही उधारी किती वेळाची, हे काढता येते. पृष्ठभागावरचा दिवस-रात्रीचा चढउतार मातीत आत शिरताना दर दहा सेंटिमीटरला सुमारे २.७ पटीने क्षीण होतो आणि तेवढ्याच अंतरात पावणेचार तासांनी मागे पडतो. तीस सेंटिमीटरवर चढउताराचा जेमतेम विसावा भाग उरतो आणि तो अकरा तास उशिरा पोचतो. फतहींची ५० सेंटिमीटरची भिंत दिवसाच्या चढउताराला जवळजवळ संपूर्ण गिळून टाकते. प्रयोगात दिसलेली दोन अंशांची शांतता तिथून आली. माळवदाचा मातीचा थर मात्र वीतभर धरला, तर दुपारी एकचे ऊन रात्री नऊच्या सुमारास खाली उतरते. शिक्षिकाबाईंनी घड्याळ लावून सांगितले होते, मी ऐकले नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मला अधिक महत्त्वाची वाटते. काँक्रीटची खोली ३६ अंशांवर गेली आणि ते बाहेरच्या हवेपेक्षा ९ अंशांनी जास्त होते, असे पुस्तकच सांगते. म्हणजे त्या दिवशी बाहेरचे कमाल तापमान २७ अंश होते. कैरोत जुलैमधले सरासरी कमाल तापमान ३५ च्या घरात असते. तेव्हा हा प्रयोग भर उन्हाळ्यातल्या दिवसाचा नाही. बाहेर सुखद हवा असताना मातीची खोली २१ ते २३ अंशांवर राहिली. राहणारच! जड भिंत चढउतार पुसून टाकते आणि चढउतार पुसल्यावर जे उरते ते सरासरी. सरासरी खाली आणण्याची ताकद नुसत्या भिंतीत नाही. त्याच खोलीचा जुलैमधला आलेख काढला असता तर तोही असाच सपाट आला असता, फक्त २८ अंशांच्या आसपास, आणि छपरावर दिवसभर ऊन म्हणून कदाचित त्याहून थोडा वर. २८ अंश म्हणजे बाहेरच्या ३५ पेक्षा बरेच बरे, हे मान्य. पण ‘वाळवंटात मातीचे घर बावीस अंशांवर राहते’ ही जी समजूत या एका आलेखावरून पसरली आहे, तिला आधार उरत नाही.

जैसलमेरला मे महिन्यात कमाल ४१–४२ आणि किमान २६च्या आसपास, सरासरी ३४. आणि ॲरिझोनातल्या फिनिक्सचे उदाहरण तर अंगावर येणारे आहे. २०२३च्या जुलैमध्ये तिथे रात्र आणि दिवस धरून महिन्याचे सरासरी तापमान ३९.३ अंश सेल्सियस होते. ३० जूनपासून सलग ३१ दिवस पारा ४३.३ अंशांवर गेला आणि लागोपाठ सोळा रात्री तो ३२ अंशांच्या खाली उतरलाच नाही. त्या महिन्यात तिथे फतहींच्या नमुन्याचे घर बंद करून ठेवले असते, तर त्याच्या सुंदर भिंती ३९ अंशांवर स्थिरावल्या असत्या. त्या वर्षी फिनिक्स ज्या मॅरिकोपा जिल्ह्यात आहे तिथे उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. त्यांतले बरेच उघड्यावरच्या बेघरांचे होते, पण घरात मेलेलेही थोडे नव्हते. आणि घरात मेलेल्यांच्या बाबतीत पुन्हा पुन्हा हेच आढळले की वातानुकूलन यंत्र होते, पण ते चालू नव्हते. वातानुकूलन नसलेले किंवा बंद पडलेले घर किती तास माणसाला सांभाळू शकते, हा प्रश्न तिथे अभ्यासक्रमातला राहिलेला नाही.

जड भिंतीला तिचे कर्ज फेडायला थंड रात्र हवी आणि त्या रात्री खिडक्या उघड्या हव्यात. टूसॉनमध्ये जूनच्या रात्री पारा २०–२२ अंशांपर्यंत उतरतो. माझी घरमालकीण रात्री दहाला घराची सगळी दारे-खिडक्या उघडायची आणि सकाळी सातला सगळे बंद करून जाड पडदे ओढायची. मी सुरुवातीला नेमके उलट करायचे. पुण्याची सवय, सकाळी खिडक्या उघडायच्या! फतहींच्या पुस्तकात रात्रीच्या गारव्याचे वर्णन आहे, तेही अंगणाच्या संदर्भात फार छान आहे. पण रात्र गार नसेल तर काय, याची चर्चा हवी तेवढी नाही. त्यांच्या काळी शहरांच्या रात्री आजच्याइतक्या तापलेल्या नव्हत्या, एवढी सवलत त्यांना द्यायला हवी.

आता धुळीकडे वळू. पुस्तकाविषयीची माझी दुसरी तक्रार इथे आहे. मल्कफ उंच असल्यामुळे तो पकडतो त्या वाऱ्यात जमिनीलगतच्या वाऱ्यापेक्षा वाळू-धूळ कमी असते आणि जी आत येते तीही बरीचशी झरोक्याच्या तळाशी पडते, असे फतही म्हणतात. वाळूपुरते हे बरोबर आहे. वाळूचा कण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा. तो स्थिर हवेत सेकंदाला अर्धा मीटर वेगाने खाली येतो, वाऱ्यात उड्या मारत जमिनीलगत फिरतो. पण धूळ ही निराळी जात आहे. दहा मायक्रॉनचा कण सेकंदाला आठ मिलिमीटर पडतो, म्हणजे तीन मीटर उंचीच्या खोलीत छतापासून जमिनीपर्यंत यायला त्याला सहा मिनिटे लागतात. अडीच मायक्रॉनच्या कणाला पावणेदोन तास लागतात, तेही हवा पूर्ण निश्चल असेल तर. असा कण झरोक्याच्या तळाशी का थांबेल? तो वाऱ्याबरोबर आत येणार, आणि श्वासाबरोबर फुप्फुसात खोल जाणारा नेमका हाच कण आहे. धुळीच्या वादळाला तर झरोक्याची उंची म्हणजे काहीच नाही. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेली धुळीची भिंत सुमारे दीड किलोमीटर उंच होती.

वाळू आणि धूळ यांतला हा फरक वर्गात दाखवायला सोपा आहे. खिडकीतून येणाऱ्या उन्हाच्या तिरिपीत सतरंजी झटकावी. खडे टपटप पडतात. तिरिपीतले चमकणारे कण तास संपला तरी तरंगत असतात.

ही धूळ मी टूसॉनमध्ये पुरेपूर खाल्ली. घर कच्च्या विटांचे, खिडक्या साठ-सत्तर वर्षांच्या लाकडी चौकटींच्या. लाकूड सुकून आक्रसलेले, त्यामुळे चौकट आणि भिंत यांच्यात नाणे उभे राहील एवढ्या फटी. ताशी बत्तीस किलोमीटरचा वारा भिंतीवर आदळला की जास्तीत जास्त पन्नास पास्कल एवढा दाब देतो. घराची हवाबंदी मोजणारे लोक दारात मोठा पंखा बसवून आतल्या-बाहेरच्या हवेत मुद्दाम जो दाबफरक निर्माण करतात, तोही पन्नास पास्कलचाच. म्हणजे साधा वाराही माझ्या घराची अशी परीक्षा रोज संध्याकाळी घेत होता आणि घर नापास होत होते. फटींतून येणाऱ्या हवेची उष्णताही लहान नसते. चार मीटर लांब, तितकीच रुंद आणि तीन मीटर उंच खोलीतली हवा तासाला पाच वेळा बदलत असेल आणि बाहेर आतल्यापेक्षा दहा अंश जास्त असतील, तर ती गळती म्हणजे खोलीत अखंड चालू ठेवलेली आठशे वॅटची शेगडी.

तेव्हा जुलैच्या सुरुवातीला मी चिकटपट्टी आणि फोमच्या पट्ट्या आणून सगळ्या फटी बुजवल्या. दोन दिवस मोठ्या समाधानाचे गेले. तिसऱ्या दिवशी अंथरूण दमट लागू लागले, टॉवेल वाळेना, पुस्तकांची पाने वाकू लागली, आणि घर पहिल्यापेक्षा गरम. माझ्या छपरावर कूलर होता. आपल्याकडे नागपूर-अकोल्याला असतो तोच, लाकडाच्या भुशाच्या जाळ्या आणि पाण्याचा पंप. हा यंत्रराज घरात सतत नवी, ओली हवा ढकलतो. तेवढीच हवा घराबाहेर जायला वाट हवी. मी वाट बंद केली होती. विदर्भातले कोणतेही पोर मला सांगू शकले असते की कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवायची! घरमालकीण काही बोलली नाही. तिने फक्त स्वयंपाकघराची खिडकी चार बोटे उघडली आणि माझ्या चिकटपट्टीकडे एकदा पाहिले.

खरी गंमत पुढे आहे. बाहेर ४० अंश आणि सापेक्ष आर्द्रता १० टक्के असताना ओल्या फुग्याच्या तापमापीचा पारा साडेअठरा अंशांपर्यंत उतरतो. चांगला कूलर २३ अंशांची हवा देतो. जुलैत तिथला पावसाळा सुरू झाला की ३५ अंश आणि ५० टक्के अशी हवा येते. तेव्हा ओला फुगा साडेसव्वीसवर थांबतो आणि कूलर २८ अंशांची चिकट हवा देतो. मग लोक वातानुकूलन यंत्राकडे वळतात. त्या यंत्राला घर बंद हवे, कूलरला उघडे. एकाच जुन्या घराने जूनमध्ये उघडे आणि ऑगस्टमध्ये बंद असावे, अशी ही परस्परविरोधी मागणी आहे. तिथल्या कित्येक घरांवर दोन्ही यंत्रे बसवलेली असतात आणि कूलरच्या तोंडाशी हिवाळ्यात पत्र्याची झडप घालायला लोक विसरतात. धुळीच्या दृष्टीने मात्र कूलर उजवा. तो घरात दाब किंचित वाढवतो, त्यामुळे फटींतून हवा बाहेर जाते, आत येत नाही. वातानुकूलनाचे नळ गळके असले तर नेमके उलटे घडते, आणि तिथे ते नळ बहुधा पोटमाळ्यावरूनच नेलेले असतात. परतीच्या नळाला भोक असेल तर पंखा साठ अंशांपर्यंत तापलेली, धुळीने भरलेली पोटमाळ्यातली हवा ओढून बिछान्यावर आणून सोडतो.

यातले काही फतहींच्या पुस्तकात नाही, आणि त्यांनी लिहायला हवे होते असेही मी म्हणणार नाही. त्यांचा विषय तो नव्हता. पण पुस्तकावरचा माझा मुख्य आक्षेप यातूनच येतो. हे पुस्तक नवे घर बांधणाऱ्यासाठी आहे. रिकामा भूखंड आहे, माती आहे, घुमट रचणारे गवंडी आहेत, असे ते गृहीत धरते. वाळवंटात राहणारी बहुसंख्य माणसे आधीच बांधलेल्या घरात राहतात, आणि ती घरे पुस्तकात खलनायक ठरलेल्या त्या दहा सेंटिमीटरच्या काँक्रीटच्या खोलीचीच भावंडे आहेत. कैरोतल्या गच्च्या काय, फिनिक्समधली १९५०च्या दशकातली काँक्रीटच्या ठोकळ्यांची घरे काय. त्या खोलीला मातीच्या खोलीसमोर हरवून पुस्तक पुढे निघून जाते. ती खोली सुधारायची कशी, हा प्रश्न कोणी विचारत नाही. खुद्द न्यू गुर्नामध्येही लोकांनी पुढे मातीची घरे पाडून काँक्रीटची बांधली. त्यांना आता कोणता सल्ला द्यायचा?

मला तर त्या हरलेल्या खोलीविषयीच जास्त कुतूहल आहे. ती बाहेरच्या हवेपेक्षा नऊ अंशांनी गरम का झाली? उघड आहे की हवेने नव्हे, उन्हाने. माथ्यावरच्या उन्हात दर चौरस मीटरला हजार वॅटच्या आसपास शक्ती असते आणि पातळ छप्पर ती दोन-तीन तासांत आत पोचवते. म्हणजे इलाजही छपरापासून सुरू करायला हवा. चुन्याचा पांढरा हात दिला की बरेचसे ऊन परत जाते. धूळ बसली की तो मळतो, दरवर्षी पुन्हा द्यावा लागतो. त्यावर उष्णतारोधकाचा पाच-सहा सेंटिमीटर थर. तो छपराच्या बाहेरच्या अंगाने घालायचा, आतून नव्हे. शिक्षकांनी हा मुद्दा मुलांशी घोळवण्यासारखा आहे, कारण उष्णतारोध कुठेही घातला तरी बेरीज तेवढीच, असे वाटते. वहनाची बेरीज तेवढीच असते खरी. पण बाहेरून घातला तर काँक्रीटचे वजन घराच्या बाजूला येते, रात्रीच्या वाऱ्याने थंड होते आणि दिवसभर उपयोगी पडते. आतून घातला तर तेच वजन उन्हाच्या बाजूला जाते आणि आतली खोली थर्मोकोलचे खोके बनते. नुसत्या उष्णतारोधानेही सरासरीच्या खाली जाता येत नाही, हेही सांगायला हवे. तो छपरावरच्या उन्हाचा जास्तीचा भार अडवतो आणि थंडावा कमावला असेल तर तो टिकवतो. कमावण्याचे काम रात्रीने, पाण्याने किंवा यंत्राने करायचे.

छपरानंतर फटी. उष्णतारोधक घालण्याआधी फटी बुजवायच्या, नंतर नव्हे, कारण काचतंतूंची गादी उष्णता अडवते, हवा नाही. ॲरिझोनातल्या जुन्या पोटमाळ्यात पिवळी किंवा गुलाबी गादी उचलली की तिच्यावर काळपट डाग दिसतात. पुष्कळांना ती बुरशी वाटते. ती गाळलेली धूळ असते: खालच्या छतात दिव्यासाठी वा तारेसाठी पाडलेल्या भोकातून हवा वर्षानुवर्षे ये-जा करत राहिली आणि गादीने चहाच्या गाळणीचे काम केले. डाग जिथे, भोक तिथे. याहून स्वस्त निदान मी पाहिलेले नाही. आपल्याकडे अगरबत्तीने हेच करता येते. वारा असलेल्या दिवशी बंद खिडकीच्या कडेने अगरबत्ती हळूहळू फिरवली की धूर जिथे झुकतो तिथे फट. मात्र ज्या घरात गॅसची शेगडी किंवा चूल पेटते ते घर पूर्ण हवाबंद करणे धोक्याचे आहे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खिडक्यांना बाहेरून सावली. भिंती सर्वांत शेवटी, आणि भिंती जर खरोखर मातीच्या असतील तर फारच जपून. माती जमिनीतली ओल शोषते आणि पृष्ठभागावरून सुकवते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा किंवा थर्मोकोल घट्ट बसवला की सुकण्याची वाट बंद होते, ओल आत कोंडते आणि वीट आतल्या आत भुसभुशीत होते. बाहेरून काहीच दिसत नाही. टूसॉनजवळच्या सॅन झेविअर या अठराव्या शतकातल्या चर्चचे बांधकाम भाजलेल्या विटांचे, तरी तिथेही सिमेंटच्या गिलाव्याने ओल कोंडली. तो काढून चुना-वाळूचा गिलावा केला आणि त्यात फड्या निवडुंगाचा चीक मिसळला. मी तो पाहायला दोनदा गेले. हात लावला तर खडबडीत, ऊबदार, आणि डोळे दिपवणारा पांढरा.

फतहींची बाजू घेऊन एक गोष्ट म्हणायला हवी. त्यांनी आकडे लपवले नाहीत. ५० आणि १० सेंटिमीटर, २३ आणि ३६, आणि बाहेरच्यापेक्षा ९ अंश, हे सगळे त्यांनी स्वतः लिहिले, म्हणून आज आपल्याला त्यांच्याशी वाद घालता येतो. मातीच्या घरांची स्तुती करणाऱ्या पुष्कळ पुस्तकांत एवढेही सापडत नाही.

शिबिरातल्या बाईंना मी नंतर पत्र लिहिले आणि वर्गात करायला एक प्रयोग सुचवला. दुधाच्या पावडरचे तीन सारखे डबे घ्यायचे. एक नुसता. दुसऱ्याला सर्व बाजूंनी दोन बोटे थर्मोकोल. तिसरा मोठ्या पिंपात मधोमध ठेवून चारी बाजूंनी आणि वरून वीतभर कोरडी माती. तिन्हींत तापमापी, तिन्ही उन्हात, आणि सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत दर तासाला नोंद. मुले रात्री दहापर्यंत थांबणार नाहीत, तेव्हा शेवटच्या नोंदी तुम्हालाच घ्याव्या लागतील, असेही लिहिले. त्यांचे उत्तर आले. पिंप शाळेत नव्हते, ते त्यांनी घरच्या अंगणातच केले आणि रात्रीच्या नोंदी सासूबाईंनी घेतल्या. आलेख सोबत होता, पेन्सिलीने काढलेला. मातीतल्या डब्याची रेषा दिवसभर जवळजवळ आडवी, आणि संध्याकाळनंतर, बाकीच्या दोन्ही खाली येत असताना, ती एकटी हळूच वर चढलेली. समासात त्यांनी बाण काढून लिहिले होते, “इथे आम्ही बाजा बाहेर काढतो.”